ॲप्रन अंगावर चढवण्यापूर्वी

(जबलपूरमधील अधारताल येथे वैद्यकीय, परिचर्या व परावैद्यकीय अभ्यासक्रमांच्या मराठीभाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अधारताल हे नाव राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावावरून पडले. पुढे १९६४ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठामुळे हा भाग सर्वत्र परिचित झाला. क्लिनिकल पोस्टिंगसाठी मात्र तुमच्यापैकी अनेकांना येथून शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते. सकाळी ऑटोत दाटीवाटीने बसलेल्या, पांढरा ॲप्रन घरूनच चढवून निघालेल्या विद्यार्थ्यांना पाहून पालकांना अभिमान वाटतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु तोच ॲप्रन वॉर्डात दिवसभर वावरतो आणि संध्याकाळी भाजीबाजारातून घरच्या खुंटीवर येतो. वेशभूषेच्या नियमांचा विचार आपण येथूनच सुरू करू.

हे नियम संस्थेची शोभा राखण्यासाठी केलेले असतात, असा समज रूढ आहे. इतिहास वेगळे सांगतो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने होणारे मृत्यू बरेच अधिक होते. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येत असत, हा धागा इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये पकडला. क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे त्यांनी सक्तीचे केले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या जवळ आले. रोग वाहून नेणारे हात विद्यार्थ्यांचे होते, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्यवसायास प्रारंभ करणाऱ्या वैद्याने नखे व केस कापलेले ठेवावेत, स्वच्छ राहावे आणि शुभ्र वस्त्रे नेसावीत, असे सांगितले आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर शिष्याला आणखी एक बंधन घातले आहे : रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर बोलू नये. आजच्या भाषेत सांगायचे तर वॉर्डात मोबाइलवर छायाचित्र काढून मित्रांच्या गटात पाठवू नये. रुग्णाचा चेहरा झाकला म्हणजे काम भागले, असे समजणाऱ्यांनी खाटेचा क्रमांक आणि हातावरचे गोंदणही ओळख पटवते, हे ध्यानात ठेवावे.

सन २००७ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने रुग्णालयांत कोपराच्या खाली बाही, घड्याळ वा दागिना नसावा, असे धोरण जाहीर केले. लांब बाह्यांमुळेच रुग्णांना संसर्ग होतो, याचा थेट पुरावा तोकडा होता. ते धोरण उभे होते साध्या तर्कावर : मनगट मोकळे असेल तरच ते नीट धुतले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार साबण-पाण्याने हात धुण्याची संपूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची आहे. मनगटभर बांगड्या असताना ती यथायोग्य होत नाही. नवविवाहित विद्यार्थिनीला हिरवा चुडा उतरवण्यास सांगणे अवघड असते, याची मला जाणीव आहे. तो विषय वॉर्डात सर्वांसमक्ष न काढता शिक्षकांनी आधी घरच्यांशी बोलून सोडवावा. मंगळसूत्र गणवेशाच्या आत राहू शकते. लांब नखांना मात्र सवलत देता येणार नाही.

येथे एक भेद करावासा वाटतो. हरियाणा सरकारने २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयांसाठी जाहीर केलेल्या वेशसंहितेत लांब नखे, जड दागिने, जीन्स आणि विचित्र केशरचना एकाच यादीत होती. नखांचा संबंध संसर्गाशी आहे. जीन्सचा नाही, तो शिस्तीच्या कल्पनेशी आहे. दोन्ही नियम पाळावेत, पण दोन्हींचे वजन एक मानू नये. परीक्षेत ‘आवश्यकता स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, तर हा भेद मांडणारे उत्तर सरस ठरेल.

राहिले ओळखपत्र. बहुतेक विद्यार्थी ते खिशात ठेवतात किंवा उलटे लटकवतात. विद्यार्थिदशेत मीही तेच करत असे. शस्त्रक्रिया झालेल्या एका वृद्धेची पट्टी मी बदलत होतो. ॲप्रन पाहून तिने मला डॉक्टर मानले आणि विचारले, ‘‘गाठ साधी आहे ना?’’ तपासणीचा अहवाल मी पाहिलेला नव्हता. तरीही ‘‘हो आजी, काही नाही’’ असे म्हणालो. दोन दिवसांनी अहवाल आला, तो वेगळा होता. डॉक्टर तिला समजावू लागले, तेव्हा ‘‘त्या डॉक्टरांनी तर काही नाही म्हटलं होतं’’ असे तिने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले. रागाने नव्हे, तिला अजून माझेच खरे वाटत होते.

आता प्रत्येक नव्या तुकडीकडून पहिल्या दिवशी मी एक वाक्य हिंदीत पाठ करवून घेतो, कारण येथील बहुसंख्य रुग्णांना तीच भाषा कळते : मी विद्यार्थी आहे, माझे नाव अमुक, तुमची हरकत नसेल तर तपासू का? रुग्ण नको म्हणाला, तर पडदा सरकवून बाहेर यायचे आणि सिस्टरना तसे सांगायचे. ॲप्रन घडी करून स्वतंत्र पिशवीत न्यावा, वॉर्डाच्या दारात चढवावा आणि परतताना तेथेच उतरवावा. त्यासाठी दोन ॲप्रन लागतात. ज्यांना दुसरा घेणे परवडत नाही, त्यांनी संकोच न करता मला व्याख्यानानंतर भेटावे.