खरे सांगणाऱ्याचे नाव जपा
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



बोधगयेला जाताना आपण गया स्टेशनवर उतरतो. त्याच गया शहरात 27 नोव्हेंबर 2003 रोजी पहाटे सत्येंद्र दुबे या तरुण इंजिनिअरचा गोळी घालून खून झाला. महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराबद्दल त्यांनी 2002 साली थेट पंतप्रधानांना पत्र लिहिले होते. नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली होती. पण पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. खून लुटीसाठी झाला, असे पुढे न्यायालयात ठरले. तरी प्रश्न उरतोच, नाव फुटले कसे?

एप्रिल 2004 मध्ये सरकारने ठराव केला. त्यानुसार केंद्र सरकारी नोकरीतील भ्रष्टाचाराची तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात करता येते. नाव-पत्ता आत लिहायचा, पाकिटावर नाही. निनावी तक्रार मात्र घेत नाहीत. 2014 साली संसदेने कायदाही केला, पण वर्षानुवर्षे तो लागूच केला नाही. नुसता कागदावरचा कायदा काय कामाचा?

आपली मुले-मुली आज बँकेत, रेल्वेत, कारखान्यात आहेत. कुणी घरी येऊन म्हणाले, "खोट्या बिलावर सही कर म्हणतात," तर "गप्प बस, नोकरी सांभाळ" एवढेच सांगू नका. कागदपत्रे जपायला सांगा, पाठीशी उभे राहा आणि त्याचे नाव चारचौघांत काढू नका. खोटे न बोलण्याचे शील आपण घेतो. खरे बोलणाऱ्याला एकटे न पाडणे हेही त्यातच आले, असे आम्ही मानतो.

जय भीम!