वजन गेलं कडेला



आज एक छोटा प्रयोग करू या.
एक लाटणं मधोमध धरा.
मुठीच्या दोन्ही बाजूंना, अगदी लगत, कणकेचा एकेक गोळा चिकटवा.
आता मनगट झटकन फिरवा.
लाटणं सहज फिरतं.

तेच गोळे दोन्ही टोकांना सरकवा…
पुन्हा फिरवा.
आता लाटणं सहजी वळत नाही.
वजन तेवढंच. फक्त जागा बदलली.

अमेरिकेतले इंजिनिअर कार्स्टन सोलहाइम यांनी हेच गोल्फमध्ये आणलं.
पटर म्हणजे चेंडू हळूच खळग्याकडे ढकलायची काठी.
सोलहाइम यांचे फटके चुकत.
चेंडू जरा कडेला लागला, की पटरचं डोकं, म्हणजे चेंडूला लागणारं टोक, हातात वळायचं.
चेंडू भरकटायचा.

त्यांनी डोक्यातलं वजन मधून काढलं…
आणि दोन्ही टोकांना नेलं.
डोकं सहजी वळेनासं झालं.

१९५९ साली त्यांनी आपला पहिला पटर बनवला, घरच्या गॅरेजमध्ये.
चेंडूला लागताना तो ‘पिंग’ असा वाजायचा.
तेच नाव पडलं.
पुढच्या ‘आन्सर’ पटरचं चित्र तर त्यांनी ग्रामोफोनच्या तबकडीच्या वेष्टनावर काढलं होतं!

मग लांब फटक्यांच्या ‘आयर्न’ काठ्यांच्या डोक्याची पाठही पोखरली गेली.
तिथलंही वजन कडेला गेलं.
वजन तेवढंच, श्रोतेहो. फक्त जागा बदलली.
मला यातलं मोठेपण हे वाटतं, की फायदा झाला तो चुकणाऱ्या, नवशिक्या खेळाडूचा.

‘आन्सर’च्या घडणीचे पटर आजही बनतात.