वेल्डरचा श्वास



जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वेल्डिंगचा हुन्नर शिकलेला तरुण गावातच जाळ्या, फाटके, नळ जोडून पोट भरू शकतो. डोळ्यांपुढे तो काळी काच धरतो. नाकाला मात्र पुष्कळदा रुमालच बांधतो. काच प्रखर किरणे अडविते, धूर नव्हे. आणि रुमालातून धुराचे सूक्ष्म कण सहज आत जातात. हा धूर मानवास कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली काढला.

जस्ताचा मुलामा असलेला नळ जोडल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप भरू शकतो. तो बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. परंतु हिवतापाशी त्याची गल्लत होण्याचा संभव असतो. म्हणून रक्ततपासणी करावीच, शिवाय डॉक्टरांना कामाचे स्वरूपही सांगावे.

उपाय क्रमाने योजावेत. प्रथम जोडाजवळचा मुलामा काढावा, काम मोकळ्या हवेत करावे, डोके धुराच्या लोटात नेऊ नये. त्यानंतर भारतीय मानक ९४७३ प्रमाणे किमान एफएफपी-२ दर्जाचा, ढालीखाली नीट बसणारा मुखवटा घ्यावा. दाढीमुळे कडेला फट राहते, हे ध्यानात ठेवावे. स्टेनलेस पोलादासाठी वरचा दर्जा हवा. बंद टाकीत मात्र असा मुखवटा पुरेसा नाही. तो प्राणवायू पुरवीत नाही.

ग्रामपंचायतींनी कंत्राटातच मुखवट्याची अट घालावी व निदेशकांनी पहिल्या दिवसापासून ही सवय लावावी. श्वास शाबूत राहिला, तरच हुन्नर जन्मभर साथ देईल.