देवळाचं कुलूप



मी चौथी शिकलेला, भातशेती करणारा माणूस. दिंडीच्या शंभरीला मला बोलायला उभं केलंत, तर आधी माझाच गुन्हा सांगतो. ज्या देवळातून ही दिंडी पहिल्यांदा निघाली, त्याची पश्चिमेची भिंत मीच बिघडवली. पंचवीस वर्षांपूर्वी जुना चुना गळायला लागला होता. मी म्हटलं, सिमेंटचा गिलावा मारा, वर ऑइलपेंट, कटकट मिटेल. दोन वर्षं देऊळ नवरीसारखं दिसलं. मग भिंत फुगली. आपल्याकडं तारापूरपासून केळव्यापर्यंत खारा वारा, पावसात भिंत पाणी पिते. चुना ते पाणी परत बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं. विटा भुसभुशीत झाल्या, वाशांना वाळवी लागली. सहा वर्षं झाली, दाराला कुलूप आहे. एकादशीचं भजन शाळेच्या पडवीत.

आता निम्मं गाव म्हणतं, पाडा नि स्लॅब टाका. त्यांचं सगळंच चूक नाय. डोक्यावर वासा पडला तर काय करायचं?

पण पंढरीत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. 15 मार्च 2024 पासून पायावरचं दर्शन बंद, आपण मुखदर्शनावर भागवलं. गाभाऱ्यातली चांदी काढली, मागाहून बसवलेल्या फरशा काढल्या, मूळ दगड मोकळा झाला. 2 जूनला पायावर डोकं ठेवायला परत मिळालं. चांदी म्हणजेच वैभव, असं मीही कीर्तनात सांगत आलो होतो. आता सांगत नाय.

आपला शिरगावचा किल्ला घ्या. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेनं तो पोर्तुगीजांकडून घेतला. आज पोरं बुरुजावर चढतात, फांद्या फुटलेला ताड बघतात. माणसं जातात म्हणून लक्ष राहतं. जिथं पाय थांबले तिथं पिंपळ उगवतो. पिंपळ तोडायचा नाय म्हणता ना? मग बोटभर असतानाच मुळासकट काढा नि बांधावर लावा. मनगटाएवढा झाला की तो दगड घेऊनच निघतो.

चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्याला मी भिंत दाखवली. तो म्हणाला, सिमेंट हलक्या हातानं खरवडायचं, उन्हाळाभर भिंत सुकू द्यायची. कळीचा चुना भिजवून मुरवायचा. त्यात नदीची धुतलेली वाळू, विटांचा चुरा, गुळाचं नि हिरड्याचं पाणी. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ. वासे कुजलेत तेवढेच बदलायचे. स्वस्त पडेल असं मी सांगत नाय, वेळ तर जास्तच लागेल.

खरवडायचं काम गवंडी करील, ढिगारा उचलायला माणसं लागतील. कार्तिकीहून परत आलो की सुरू करू. पश्चिमेच्या भिंतीची पहिली टोपली माझी.

रामकृष्ण हरी.