ब्रेक दाबला की गाडी थरथरते?

आमच्या बचत गटाची मसाल्याची गाडी घाटात ब्रेक दाबला की थरथरायची. गॅरेजवाल्याने चारही चाकांचं काम सांगितलं. पैसा सगळ्यांच्या कष्टाचा, म्हणून आम्ही आधी लक्षण नीट पाहिलं.

ब्रेक न दाबताही वेगात गाडी हलते? मग टायर आणि बॅलन्सिंग बघा. ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग हलतं? बहुधा पुढच्या डिस्क. सीट थरथरते? मग मागचे ब्रेक.

आमचं स्टेअरिंगच हलत होतं. दुसऱ्या मेस्त्रींनी डिस्क मोजली, तर जाडी कमी-जास्त भरली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासून त्याखाली जाणार नसेल तरच लेथवर सपाट करायची, नाहीतर दोन्ही बाजूंच्या नव्या टाकायच्या. बसवताना हबवरचा गंज काढायचा आणि नट समोरासमोरचे, सारखे आवळायचे. आमचं काम पुढच्या दोन चाकांवरच भागलं.

घाट उतरताना खालचा गिअर ठेवा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. पेडल खोल जात असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ती चालवूच नका.

आणि गॅरेजमध्ये नुसतं ‘ब्रेक बघा’ म्हणू नका. थरथर कधी होते, कुठे जाणवते ते सांगा आणि डिस्क आपल्यासमोर मोजून घ्या.