नळाच्या पाण्याचा दाब आणि फिल्टर



आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो ऐकून काहीजण म्हणतील, हा विषय मुंबई-पुण्याच्या हौशी माणसांचा. आमचा त्याच्याशी काय संबंध? विषय आहे चाकांवरच्या घराचा, म्हणजे कॅरॅव्हॅन नावाच्या गाडीचा, आणि तिला पाणी जोडताना लागणाऱ्या दोन वस्तूंचा. एक, पाण्याचा दाब कमी करणारा रेग्युलेटर, आणि दुसरी, पाणी गाळणारा फिल्टर. पण जरा थांबा. महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण ठरवले. पावसाळा लागला की कर्जत-खालापूरच्या वाटांवर पाहुण्यांची रीघ लागते हे आपण पाहतोच. उद्या कुंभिवलीतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात अशी गाडी येऊन उभी राहिली, आणि पाहुणा म्हणाला, "काका, तुमच्या नळाला आमची नळी लावू का?" तर काय सांगाल? त्या नळीच्या एका टोकाला पाहुण्याची गाडी असते हे खरे, पण दुसऱ्या टोकाला सगळ्या गावाचे पिण्याचे पाणी असते.

या गाडीत स्वयंपाकाचा ओटा, मोरी, शौचकूप असे सगळे असते. पाणी येण्याच्या वाटा दोन. एक म्हणजे गाडीतली टाकी भरून घ्यायची आणि बॅटरीवर चालणाऱ्या लहान पंपाने ते पाणी खेळवायचे. दुसरी म्हणजे बाहेरचा नळ सरळ गाडीच्या नळांना जोडून द्यायचा. दुसरी वाट सोयीची वाटते, आणि घोटाळा होतो तो याच वाटेने. गाडीतल्या नळ्या प्लॅस्टिकच्या, सांधे हलके. गाडी खड्ड्यातून धक्के खात आलेली असते. त्या सांध्यांवर बाहेरच्या पाण्याचा सगळा दाब येऊन पडतो.

दाब म्हणजे काय, हे समजून घ्यायला खालापूर तालुक्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही. खोपोलीला घाटाच्या अंगाने खाली उतरणारे मोठाले लोखंडी नळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून खाली येते आणि चक्रावर आदळते. त्या पाण्यावरच पुढे पाताळगंगा बारमाही वाहते. इकडे कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर १९२२चे. तिथले पाणी उल्हास नदीला मिळते. आता हिशेब सोपा आहे. पाणी दहा मीटर उंच असले की त्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब येतो. आपले प्लंबर लोक नुसते 'एक किलो' म्हणतात, तेच हे. म्हणजे खोपोलीच्या नळाच्या तळाशी, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, पन्नास किलोची गोणी ठेवल्यासारखे होते. म्हणून तर अशा नळांचा पत्रा खाली यावे तसा जाड करावा लागतो.

इथे एक गैरसमज काढून टाकू. टाकी मोठी म्हणून दाब जास्त, किंवा नळ जाड म्हणून दाब जास्त, असे नाही. दाब फक्त उंचीचा. लाख लिटरची टाकी आणि घागरभर पाणी, दोन्ही सारख्याच उंचीवर ठेवली तर खाली दाब सारखाच.

आता गावाकडे येऊ. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. दर माणशी रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाला द्यावे असे त्यात धरले आहे. सपाटीवरच्या गावात बारा मीटर उंच खांबांवर टाकी असेल, तर तळाशी दाब सव्वा किलोच्या आसपास. आणि लोक पाणी भरत असताना नळातल्या घर्षणामुळे त्याहूनही कमी. तिथे रेग्युलेटर लावणे म्हणजे अगोदरच बारीक असलेली धार आणखी बारीक करणे. पण आपल्याकडे डोंगर आहेत. टाकी टेकडीवर आणि घर साठ मीटर खाली असेल, तर सहा किलो दाब झाला. डोंगराळ भागातल्या योजनांत मध्येच एक लहानशी उघडी टाकी बांधतात, ती दाब तोडण्यासाठीच. पाणी तिथे उघड्यावर येते, आणि पुढचा हिशेब त्या टाकीच्या उंचीपासून नव्याने सुरू होतो. तेव्हा आपल्या गावात टाकी किती उंचीवर आहे, हे आधी विचारा.

सहा किलो हा आकडा ऐकायला लहान वाटतो. दहा सेंटिमीटर रुंद तोंडाच्या फिल्टरचे झाकण घ्या. त्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. सहाने गुणा. सुमारे ४७० किलो! पावणेपाच क्विंटल भात त्या एका प्लॅस्टिकच्या झाकणाला आतून रेटतो आहे. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे.

यावर पुष्कळ लोक एक उपाय करतात, आणि तो चुकीचा आहे. ते म्हणतात, "त्यात काय, नळ अर्धाच सोडू." अर्धा नळ सोडल्याने पाणी हळू येते, पण दाब कमी होत नाही. गाडीतला एखादा नळ चालू आहे तोवर ठीक. रात्री सगळे नळ बंद करून माणसे झोपली, की पाणी हळूहळू भरत जाते आणि शेवटी गाडीतल्या नळीतला दाब टेकडीवरच्या टाकीइतकाच होतो. गाव झोपलेले असते, कुणी पाणी ओढत नसते, म्हणून दिवसापेक्षा रात्री दाब जास्तच. सांधा मध्यरात्री का सुटतो, त्याचे उत्तर यात आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे पटवून द्यायला प्रयोगशाळा नको. गवंडी पातळी पाहायला जी पारदर्शक नळी वापरतो ती मागून आणा. शाळेच्या वरच्या मजल्यावर किंवा जिन्यात पाण्याची बादली ठेवा, नळीचे एक टोक बादलीत बुडवून ठेवा, ओढून पाणी चालू करा, नळी खाली जमिनीवर आणून दुसरे टोक पुन्हा वर धरा. पाणी बादलीच्या पातळीपर्यंत चढेल. आता खाली जमिनीजवळ नळी चिमटीत दाबून अगदी अरुंद करा आणि वर धरलेल्या टोकातले पाणी ओतून टाकून पुन्हा पाहा. पाणी सावकाश चढेल, पण चढेल तेवढेच. मुलांनी हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

मग रेग्युलेटर वेगळे काय करतो? त्याच्या आत एक लवचिक पडदा आणि एक स्प्रिंग असते. पुढच्या बाजूचा दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत आला, की तो दाबच पडद्याला ढकलतो आणि पाण्याचे तोंड बंद होते. पुढे कुणी नळ सोडला, दाब उतरला, की स्प्रिंग तोंड पुन्हा उघडते. घरातल्या गॅसचेच पाहा ना. सिलिंडरच्या डोक्यावरचा रेग्युलेटर आतला जोराचा दाब खाली आणून जेमतेम तीस सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका करतो. शेगडीचे बटण फक्त ज्योत लहान-मोठी करते. बटण बारीक आहे म्हणून कुणी रेग्युलेटर काढून ठेवील का?

गाडीसाठी मिळणारे रेग्युलेटर बहुधा चौरस इंचाला ४० ते ५० पौंडांवर बसवलेले असतात, म्हणजे आपल्या भाषेत २.८ ते ३.५ किलो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा शेवटचा मानावा. तो बसवायचा नळाच्या तोंडाशी, गाडीच्या तोंडाशी नव्हे. नाहीतर मधली नळी पूर्ण दाबाखाली राहते आणि तीच फुटते. नळ, मग रेग्युलेटर, मग नळी, मग फिल्टर, मग गाडी, असा क्रम ठेवावा. फिल्टर रेग्युलेटरच्या आधी लावला, तर ते पावणेपाच क्विंटलचे झाकण आठवा. दाबाचा काटा असेल तर तो गाडीतले सर्व नळ बंद करून वाचावा. पाणी वाहताना काटा नेहमी कमीच दाखवतो.

एवढे गाडीच्या रक्षणाचे झाले. आता गावाच्या रक्षणाचे, आणि मला हे जास्त महत्त्वाचे वाटते. आपल्या गावांतून पाणी चोवीस तास नसते. तासभर येते आणि जाते. पाणी गेले की उतारावरचे नळ रिकामे होतात आणि उलट ओढ लागते. त्या वेळी कुणाच्या नळीचे टोक गुरांच्या टाकीत, कपड्यांच्या बादलीत किंवा औषध फवारण्याच्या पंपात बुडालेले असेल, तर तिथले पाणी गावाच्या नळात ओढले जाते. गाडीचेही तसेच. तिथे उलट प्रवाह अडवणारी झडप हवी, आणि ती चालू आहे की नाही हे पाहुण्याला विचारायला संकोच करू नये. त्याहून चांगले म्हणजे पाणी असेल तेव्हा गाडीची टाकी भरून द्यावी, भरताना नळीचे टोक पाण्याच्या वर अधांतरी ठेवावे, आणि मग नळी सोडवून ठेवावी. मैलापाण्याची टाकी धुवायची नळी वेगळी, पिण्याच्या पाण्याची वेगळी. यात तडजोड नाही.

आणि पाहुण्यांचे सोडा, आपलेच लोक नळाला टुल्लू पंप लावतात त्याचे काय? पंप पाणी ओढतो तेव्हा नळातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, आणि जिथे नळ गटाराजवळून जातो आणि सांधा झिरपतो तिथून गटाराचे पाणी आत येते. आपल्याला दोन हंडे जास्त मिळतात, शेजारच्या लेकराला कावीळ होते.

आता फिल्टर. फिल्टर म्हटले की पाणी शुद्ध झाले असे आपण धरून चालतो. तो आपल्या छिद्रापेक्षा मोठे तेवढेच अडवतो, हे ध्यानात ठेवावे. आपल्या आजी-आया लुगड्याच्या घडीतून पाणी गाळत. त्यात तथ्य होते. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात. ते जीव कापडात अडकतात. पण काविळीचे विषाणू कापड तर सोडाच, पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निघून जातात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि हा विषाणू त्याच्याही तिसाव्या भागाएवढा. तिथे उकळणे किंवा क्लोरिन हाच इलाज.

म्हणून फिल्टरचे खरे काम आषाढात असते. पहिल्या पावसात ओढे तांबडे होतात, पाणी गढूळ येते. गढूळ पाण्यात टीसीएल पावडर कितीही टाका, तिचा जोर गाळातच खर्च होतो. आधी तुरटीने निवळावे, गाळावे, मग क्लोरिन. नळाच्या टोकाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले असावे. तुमचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करून पिवळा रंग दाखवतात, तो हाच.

गाडीवाल्यांच्या फिल्टरमध्ये बहुधा कोळसा असतो. कोळसा पाण्याचा वास आणि चव घालवतो, कारण तो क्लोरिन शोषून घेतो. म्हणजे टाकीत पाणी शिरण्यापूर्वीच कोळशाचा फिल्टर लावला, तर टाकीत दोन-तीन दिवस साठणाऱ्या पाण्याला राखण उरत नाही. टाकीच्या आधी फक्त गाळ अडवणारा फिल्टर लावावा, आणि कोळशाचा लावायचाच तर ओट्यावरच्या पिण्याच्या नळाला. आतली कांडी कधी बसवली ती तारीख फिल्टरवर लिहून ठेवावी. महिनोन्महिने ओली पडून राहिलेली कांडी स्वतःच जंतूंचे घर बनते. तिच्यातून आलेले पाणी न गाळलेल्या पाण्यापेक्षाही वाईट असू शकते. धार बारीक झाली की लोक फिल्टर काढून ठेवतात आणि रेग्युलेटरला दोष देतात. धार बारीक झाली म्हणजे फिल्टरने गाळ धरला. कांडी बदलायची वेळ आली, इतकाच अर्थ.

गाडी परत निघताना फिल्टर सोडवून त्यातले पाणी काढून टाकावे, रेग्युलेटर आणि नळी निथळून कोरडी करावी, नळीची दोन्ही तोंडे एकमेकांत अडकवून बंद करावीत, म्हणजे आत माती आणि किडे जात नाहीत. टाकीत उरलेले पाणी पुढच्या मुक्कामाला न्यायचे कारण नाही. ते परसातल्या अळवाला सोडून द्यावे.