फाटकाची साखळी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



संयोजकांनी मला ‘सामुदायिक मालमत्तेची व्यवस्था’ असा भारदस्त विषय नेमून दिला आहे. ह्या विषयावर तत्त्वाच्या अंगाने बोलणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगले बोलतात. मी आज कुलपांविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु मालमत्ता सर्वांची झाली असा ठराव मंजूर होतो, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की किल्ली कोणाकडे?

माझा संबंध आलेल्या एका उपसा सिंचन संस्थेची गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहेत. नदीकाठी पंपहाऊस, त्याला लोखंडी फाटक, फाटकाला एक कुलूप आणि त्याची एकच किल्ली चेअरमनांच्या घरी, देवघराशेजारच्या खुंटीला. पोटनियमांप्रमाणे पाणी सर्व सभासदांचे होते. परंतु ज्याची पाळी रात्री दोनला येई त्याला चेअरमनांच्या दाराची कडी वाजवावी लागे, आणि जो कडी वाजवायला बिचकतो त्याची पाळी बुडे. चेअरमन दुष्ट गृहस्थ नव्हते. ते तालुक्याला गेले की किल्लीही खिशातून तालुक्याला जाई, एवढेच. मग बैठकीत ठरले की प्रत्येकाला किल्ली करून द्यावी. सहा महिन्यांत त्या किल्ल्यांच्या किल्ल्या निघाल्या. कोणाची मुलाने नेली, कोणाची हरवली, एकाने जमीन विकली आणि किल्ली स्वतःपाशीच ठेवली. त्या एका माणसापायी कुलूप बदलायचे, तर बाकी सर्वांना नव्या किल्ल्या करणे आले. अखेरीस किल्ली पुन्हा त्याच खुंटीवर गेली. लोकशाहीचा प्रयोग फसला की सत्ता जुन्या खुंटीवर परत जाते, हे आपण इतरत्रही पाहिलेले आहे.

ह्या अडचणीवर अमेरिकेच्या पश्चिम भागातील आणि ऑस्ट्रेलियातील गुरेपाळ्यांनी एक साधा तोडगा रूढ केलेला आहे. तेथे कुरणे अफाट असतात आणि कित्येक मैलांत रस्ता एकच. त्या एका फाटकातून जमीनमालक जातो, पलीकडच्या कुरणाचा मालक जातो, विजेच्या तारा तपासणारा माणूस जातो, तेलविहिरीचा कामगार जातो आणि वणवा लागला तर अग्निशामक दलही जाते. एवढ्या सर्वांनी एक किल्ली वाटून घ्यायची नाही, असे त्यांनी ठरविले. फाटकाला साखळी बांधतात. परंतु तिची दोन टोके एका कुलपाने न जोडता कुलपांच्याच माळेने जोडतात. पहिल्याच्या कुलपाची कडी साखळीच्या टोकात, दुसऱ्याची पहिल्याच्या कडीत, तिसऱ्याची दुसऱ्याच्या कडीत, आणि शेवटचे कुलूप साखळीच्या दुसऱ्या टोकात. प्रत्येकाचे कुलूप स्वतःचे आणि किल्लीही स्वतःची. माळेतील कोणतेही एक कुलूप उघडले की माळ तुटते आणि फाटक उघडते. जाताना आपले कुलूप पुन्हा दोन्ही शेजाऱ्यांच्या कड्यांत ओवून लावायचे. एखाद्याचा हक्क संपला तर त्याचे कुलूप तेवढे माळेतून काढून टाकायचे. इतरांना त्याची झळ लागत नाही. कोणी कोणाकडे किल्ली मागायची नाही आणि कोणी कोणाला द्यायची नाही.

आमच्या संस्थेने ही माळ करून पाहिली. सर्व सभासदांची कुलपे एका माळेत मावत नाहीत, म्हणून पाळीच्या गटागणिक एक कुलूप धरले. रात्री दोनला चेअरमनांची झोपमोड व्हायची थांबली.

येथे थांबलो असतो तर हे भाषण प्रचाराचे झाले असते. माळेत एक खोट आहे, आणि तिच्याविषयी बोलण्यासाठीच मी हा विषय निवडला. समजा, मी माझे कुलूप उघडून आत गेलो आणि बाहेर पडताना, चुकून म्हणा वा मुद्दाम म्हणा, शेजाऱ्याच्या कुलपाला वगळून त्याच्या पलीकडच्या कुलपात माझी कडी अडकविली. फाटक बंद झाले. माळ वरवर पाहता पूर्वीसारखीच दिसते. शेजाऱ्याचे कुलूपही तेथेच लोंबते आहे. परंतु ते आता काहीच धरून ठेवीत नाही. तो रात्री येतो, आपल्या किल्लीने आपले कुलूप उघडतो, आणि फाटक बंदच राहते. त्याची किल्ली कोणी हिरावून घेतलेली नाही. त्याचा हक्क वहीत शाबूत आहे.

आमच्या गावात हे टोकाच्या गटाच्या बाबतीत घडले. कालव्याच्या शेवटी ज्यांच्या जमिनी असतात त्यांना पाणी कमी मिळते, हे महाराष्ट्रात सांगावयास नको. त्या गटात एक विधवा सभासद होत्या. त्या दोन वेळा रात्री कंदील घेऊन फाटकापर्यंत आल्या आणि कुलूप उघडूनही परत गेल्या. तिसऱ्या वेळी त्या सकाळपर्यंत तेथेच बसून राहिल्या आणि जो पहिला आला त्याला त्यांनी माळ दाखविली. कोणी केले ते कळले नाही. ‘चुकून झाले असेल’ असे सर्वांचे म्हणणे पडले. मला एवढेच दिसले, की चूक दोन्ही वेळा टोकाच्या गटाच्याच वाट्याला आली होती.

ह्यावर परदेशात केलेला उपाय असा, की साखळीऐवजी पोलादी पेटी वा पट्टी बसवायची आणि तिच्यात प्रत्येक कुलपासाठी स्वतंत्र खाच ठेवायची. कोणत्याही खाचेतील कुलूप निघाले की आतला दांडा सरकतो. येथे एकाला दुसऱ्याचे कुलूप वगळताच येत नाही, कारण कोणाचेही कुलूप दुसऱ्याच्या कुलपावर लटकलेले नसते. माळेत शेजाऱ्याच्या सचोटीवर भिस्त होती, ती येथे लोखंडावर आली. माणसाच्या चांगुलपणावर माझा विश्वास नाही असे कृपा करून समजू नका. परंतु ज्याचे पाणी रात्री दोनला जायचे आहे त्याने शेजाऱ्याच्या चांगुलपणाची परीक्षा रोज काय म्हणून घ्यावी? ह्या पेटीतही एक गोष्ट मात्र सुटत नाही. सर्वांत हलके कुलूप जेवढे मजबूत, तेवढेच फाटक मजबूत. चोराला एकच कुलूप तोडायचे असते.

आणखी एक प्रश्न उरतो, तो ह्याहून मोठा आहे. माळेत कोणाकोणाची कुलपे आहेत? त्या कुरणाच्या फाटकावर मालकाचे कुलूप असते, कंपनीचे असते, वाटसरूचे नसते. सामायिक म्हणजे सार्वजनिक नव्हे. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट ह्या डोंगरपठारावर कामगार तरुण मोठ्या संख्येने चालून गेले. ती जमीन शिकारीसाठी राखलेली होती आणि मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतील माणसाला रविवारी तेथे पाऊल टाकण्याचीही मनाई होती. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने बहुतेक जमिनीवरून जबाबदारीने जाण्याचा हक्क सर्वांनाच दिला. तेथे मग कुलपे किती हा प्रश्नच मागे पडतो.

आपल्याकडे तर कुलूप नसतानाही दार बंद असते. महाडच्या चवदार तळ्याला फाटक नव्हते की साखळी नव्हती. नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांना खुले केल्याचा ठरावही केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या पाण्याला हात लावीपर्यंत ते तळे बंदच होते, आणि त्या स्पर्शाबद्दल त्या दिवशी माणसांना मार खावा लागला. तेव्हा लोखंडाचे गुण मी गात असलो तरी लोखंडाची मर्यादा मला कळते. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे ह्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली, तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठेवता घरातील माणसांवर ठेवला आणि भूमिहीनालाही त्यात वाटा दिला. माळेत कुलूप कोणाचे असावे ह्या प्रश्नाला मिळालेले ते एक उत्तर होते. आमच्या संस्थेत भूमिहीनांचे कुलूप नाही. मी हे दोनदा बैठकीत मांडले, दोन्ही वेळा चहा आला आणि विषय राहिला.

आतापर्यंत मी अशा कुलपांविषयी बोललो की ज्यांतील कोणतेही एक उघडले की पुरे. ह्याच्या नेमकी उलट अशीही एक जात आहे: सर्व उघडली तरच उघडायचे. इंग्लंडमध्ये १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा-विवाह-दफनांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला तेव्हा ती दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी असे सांगितले. एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी ग्रामस्थांच्या विश्वस्तांकडे. १६०३ च्या नियमांनी कुलपे तीन केली. एकट्याला वही बदलता येऊ नये हा हेतू. आपल्या बँकांच्या तिजोऱ्या दोन किल्ल्यांनी उघडतात त्यामागेही हेच आहे. अर्थात ह्यातही घोटाळा होतोच. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराच्या आतल्या खोलीची किल्ली सापडत नाही असे २०१८ साली उघड झाले, आणि जुलै २०२४ मध्ये ती खोली उघडली तेव्हा कुलपे तोडावी लागली.

आपल्या संस्थांतून नेहमी दिसते ते असे, की ह्या दोन जाती आपण अदलाबदल करून वापरतो. रस्ता, पाणी, वाचनालय, सभागृह ह्यांना ‘कोणीही एक’ हवा. तेथे आपण तीन सह्या मागतो. रोकड, सभासदांची नोंदवही, इतिवृत्त ह्यांना ‘सर्व मिळून’ हवेत. ती मात्र एका चिटणीसाच्या पिशवीत असतात. वाचनालय बंद आणि पिशवी उघडी, अशी आपल्या अनेक शाखांची स्थिती आहे. ती पिशवी मी स्वतःही वर्षानुवर्षे वाहिलेली आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजतो.

तिसरी जात कामगारांची आहे. ती मला फार उशिरा, आणि वाईट प्रसंगाने कळली. त्याच पंपहाऊसमध्ये मोटारीचे कपलिंग बसविताना फिटरने मुख्य स्विच पाडला होता. लाईट नव्हतीच. बाहेर पाळीवाला वाट पाहत उभा होता. त्याने आत डोकावून स्विच पडलेला पाहिला, कोणी चुकून पाडला असे समजून वर केला आणि तो विडी ओढायला बाहेर गेला. स्टार्टर ऑटोवर होता. दहा मिनिटांनी लाईट आली. फिटरची उजव्या हाताची तीन बोटे गेली.

कारखान्यांत ह्यावर उपाय आहे. स्विच बंद करून त्याच्या दांड्याला अनेक भोकांचा एक कोयंडा लावायचा, आणि यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपले स्वतःचे कुलूप अडकवायचे. पाच जण आत असतील तर पाच कुलपे. चौघांनी काम संपवून कुलपे काढली तरी पाचव्याचे लटकते आहे तोवर यंत्र सुरू होत नाही. मुकादमाच्या हुकमानेही नाही. अमेरिकेत १९८९ साली ह्याचा नियम झाला, आणि ज्याने कुलूप लावले त्यानेच ते काढायचे हे त्यातील मुख्य कलम. तो हजरच नसेल तर काय करायचे ह्याची रीत वेगळी आणि कडक आहे.

कागदावर भरवसा ठेवला तर काय होते ते ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा ह्या तेलमंचावर दिसले. एका पंपाचा सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेला होता. त्याची नोंद एका परवान्याच्या कागदावर होती आणि तो कागद रात्रपाळीच्या लोकांपर्यंत पोहोचला नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा सुरू केला. १६७ माणसे मेली.

मुंबईच्या गिरणी कामगाराला टाळे म्हटले की मालकाचे टाळे आठवते. टाळेबंदी हा शब्दच आपल्याकडे त्या अर्थाने रुळला. इंग्रजीत मालकाच्या टाळेबंदीला आणि कामगाराने यंत्राला घातलेल्या ह्या कुलपाला शब्द एकच आहे. ज्याच्या हाताची बोटे यंत्रात आहेत त्याच्याच हातात टाळे, ही ह्या दुसऱ्या अर्थाची टाळेबंदी आपल्या कामगार संघटनांनी मागणीपत्रकात जितक्या वेळा घालावयास हवी होती तितक्या वेळा घातली नाही. आपण बोनसविषयी अधिक बोललो.

आता त्या पंपहाऊसमध्ये तिन्ही जाती आहेत. फाटकाला खाचांची पेटी, जी गावच्या वेल्डरने जुन्या पट्ट्यांतून बनविली. रोकडपेटीला दोन कुलपे. आणि स्विचला चार भोकांचा कोयंडा. गेल्या उन्हाळ्यात एक फिटर काम संपवून कोयंड्यातील कुलूप न काढताच शेजारच्या गावी लग्नाला निघून गेला. कांद्याला पाणी द्यायचे होते, लाईट होती, पाळी चालली होती. कोणीतरी पहार आणली. तेव्हा तीन बोटांचा तो जुना फिटर, जो आता तेथे राखणदार आहे, स्विचसमोर जाऊन उभा राहिला. दोघे जण मोटारसायकलवर निघाले, लग्नाच्या पंगतीतून त्या माणसाला उठवून घेऊन आले आणि त्याने कुलूप काढले. टोकाच्या गटाची पाळी त्या रात्री दीड तासाने बुडाली. ती भरून द्यायची की नाही ह्यावर पुढच्या बैठकीत बराच वाद झाला, आणि ह्या खेपेला चहा येण्यापूर्वी निकाल लागला. दीड तास भरून दिला.